राजीनाम्याआधीची आणि नंतरची कामे : ठाणे-नवी मुंबईतून स्वतंत्र व्यवसायाकडे वळणाऱ्यांसाठी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एकेकाळी ज्या गाळ्यांतून लेथ मशीनचा आवाज येत असे, त्यांपैकी कित्येक जागांवर आज आयटी पार्क उभे आहेत. कारखाने बंद झाले तेव्हा चाळिशीत असलेल्या अनेकांना नवे काम शिकावे लागले आणि त्या वेळी त्यांना निवड करण्याची मुभा नव्हती. आज ऐरोली, महापे, घणसोलीच्या कार्यालयांत काम करणाऱ्या पुढच्या पिढीसमोरही व्यवसाय बदलण्याचा प्रश्न आहे; फरक इतकाच की या पिढीला तयारी करण्याइतका वेळ बहुतेक वेळा मिळतो. तो वेळ नेमका कसा वापरायचा, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मी महापे येथील एका कंपनीत अकरा वर्षे यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि प्रशिक्षण साहित्य लिहिण्याचे काम केले, आणि गेली सहा वर्षे तेच काम नौपाड्यातील घरातून स्वतंत्रपणे करते. सल्ला विचारायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो "नोकरी कधी सोडू?" हा. माझे उत्तर असे की राजीनामा ही या वाटेवरील पहिली पायरी नसून बरीच नंतरची पायरी आहे, आणि ज्यांचे नुकसान झालेले मी पाहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगी कौशल्य होते. त्यांचा पायऱ्यांचा क्रम चुकला होता.

निती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे कायम नोकरीऐवजी सुटी कामे घेणारे लोक, असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आली असून अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांकडून त्यांच्या कल्याणासाठी निधी घेण्याची तरतूदही तिच्यात आहे. परंतु स्वतःचे ग्राहक स्वतः शोधणाऱ्या लेखापाल, डिझायनर, अभियंता, अनुवादक किंवा प्रशिक्षकाच्या मागे असा कोणताही अ‍ॅप उभा नसतो. त्यामुळे कंपनी आपल्यासाठी न बोलता जे काही करत होती, त्या प्रत्येक गोष्टीची व्यवस्था त्याला स्वतः लावावी लागते.

पहिली पायरी : नेमणूकपत्र पुन्हा वाचा

रुजू होताना ज्यावर सही केली ते पत्र बहुतेकांनी नंतर कधी उघडलेले नसते. ते शांतपणे वाचा आणि तीन गोष्टी शोधा: नोकरीत असताना बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का, नोटीस किती महिन्यांची आहे, आणि नोकरी सोडल्यानंतर कंपनीच्या ग्राहकांसाठी काम न करण्याची अट आहे का. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार एखाद्याला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार साधारणपणे अवैध ठरतो, आणि नोकरी सुटल्यानंतरच्या मनाईबाबत न्यायालयांनी बहुधा हीच भूमिका घेतली आहे. मात्र कंपनीची गोपनीय माहिती, ग्राहकांच्या याद्या, आराखडे किंवा कोड सोबत नेणे हा वेगळा विषय आहे आणि त्यात कोणतीही सूट मिळत नाही. बाहेरच्या कामाला मनाई असेल तर लेखी परवानगी मागा, किंवा नोकरीच्या काळात केवळ तयारी करा आणि बिल लावू नका. सहकाऱ्याच्या नावावर काम घेण्याची पळवाट मी कोणालाही सुचवणार नाही.

दुसरी पायरी : आपण नेमके काय विकणार हे ठरवा

नोकरीत आपल्याला हुद्दा असतो, आणि बाहेर पडल्यावर हुद्द्याला कोणी पैसे देत नाही. "मी सीनियर क्वालिटी एक्झिक्युटिव्ह होतो" या वाक्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. तेच काम "छोट्या रसायन कारखान्यांना परदेशी खरेदीदाराच्या ऑडिटसाठी लागणारी कागदपत्रे मी सहा आठवड्यांत तयार करून देतो" अशा शब्दांत मांडले, तर ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील एखादा कारखानदार लगेच पुढचा प्रश्न विचारतो. सेवेच्या या एका वाक्यात ग्राहक कोण, त्याची अडचण कोणती आणि किती काळात काय हाती मिळेल, या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत.

हे वाक्य घरी बसून सुचत नाही. पूर्वीचे सहकारी, नातेवाईक, पुरवठादार यांच्यापैकी किमान दहा जणांना भेटा आणि काम न मागता एवढेच विचारा, की त्यांच्याकडे कोणते काम सतत मागे पडते आणि त्यासाठी त्यांनी यापूर्वी बाहेर पैसे मोजले आहेत का. या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. "अशी सेवा असती तर बरे झाले असते" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण ज्यासाठी कोणी आजवर एक रुपयाही दिलेला नाही, त्या सेवेवर घर चालवण्याचा विचार पहिल्या वर्षी तरी करू नये.

क्षेत्रच बदलायचे असेल, म्हणजे उदाहरणार्थ बँकेतून इंटिरियर डिझाइनकडे किंवा शिक्षकी पेशातून कंटेंट लेखनाकडे जायचे असेल, तर एकाच वेळी दोन बदल करू नका असे मी आग्रहाने सांगते. नवे क्षेत्र आणि स्वतंत्र व्यवसाय ही दोन्ही आव्हाने एकदम अंगावर घेतली, तर काम जमत नाही म्हणून पैसे येत नाहीत की ग्राहक मिळत नाहीत म्हणून, हेच कळेनासे होते. त्यापेक्षा नव्या क्षेत्रात वर्ष-दीड वर्ष कमी पगारावर नोकरी करणे, किंवा जुन्याच क्षेत्रात स्वतंत्र होऊन हळूहळू नवे काम वाढवणे, हे दोन्ही मार्ग अधिक सुरक्षित आहेत.

तिसरी पायरी : पहिले तीन ग्राहक

परवानगी असेल तर राजीनाम्यापूर्वी तीन वेगवेगळ्या ग्राहकांचे काम पूर्ण करून त्याचे पैसे बँकेत जमा झालेले असावेत. तीन हा आकडा मी अनुभवातून सांगते: पहिला ग्राहक ओळखीतून येतो, दुसरा पहिल्याच्या शिफारशीवरून येऊ शकतो, पण तिसरा बहुधा आपली सेवा पाहून येतो. परवानगी नसेल, तर तीन संभाव्य ग्राहकांशी काम, दर आणि सुरुवातीची तारीख यांबद्दल स्पष्ट बोलणे झालेले असावे.

ग्राहक शोधण्यासाठी अनेक जण थेट जागतिक वेबसाइटवर नाव नोंदवतात. तिथे काम मिळते, परंतु नवख्याला सगळ्यांत कमी दर लावूनच सुरुवात करावी लागते आणि तो दर पुढे वाढवणे कठीण जाते. आपल्या भागात मात्र असे दोन पट्टे आहेत जिथे लहान उद्योगांची दाटी आहे. वागळे इस्टेटमध्ये ठाणे लघुउद्योग संघटना म्हणजे टिसा, आणि पलीकडे ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन, या दोन्ही संस्थांकडून कार्यक्रमांची माहिती मागवा. पंचवीस-तीस कामगारांच्या कारखान्याला पूर्णवेळ एचआर, वेबसाइट सांभाळणारा किंवा निर्यातीचा पत्रव्यवहार करणारा माणूस परवडत नाही, पण महिन्यातून चार दिवस येणारा अनुभवी माणूस नक्की परवडतो. माझे आजचे निम्म्याहून अधिक काम अशाच ठिकाणांहून येते. मालकाशी मराठीत किंवा हिंदीत सविस्तर बोलता येते आणि एका चकरेत दोन-तीन भेटी होतात.

चौथी पायरी : दर काढण्याचे गणित

सगळ्यांत महाग पडणारी चूक इथे होते, म्हणून थोडे थांबून सांगते. हातात येणारा ७० हजारांचा पगार २२ दिवसांनी भागून दिवसाचा दर सुमारे ३,२०० रुपये ठरवणारे लोक मला वारंवार भेटतात. पण त्या पगाराखाली कंपनीचा पीएफमधील वाटा, विमा, भरपगारी रजा, लॅपटॉप आणि कार्यालय दडलेले होते, आणि शिवाय काम शोधण्याचे काम दुसरेच कोणी करत होते.

गणित उलट बाजूने करा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की २६१ उरतात. सणवार, आजारपण, घरची कार्ये आणि गणपतीत गावाला जाणे यांसाठी २६ दिवस धरले तर २३५ राहतात. यांपैकी ग्राहकांना भेटणे, कोटेशन देणे, बिले करणे, वसुली आणि नवे शिकणे यांत सुरुवातीला ४० टक्के दिवस सहज जातात. म्हणजे ज्यांचे पैसे मिळतील असे सुमारे १४० दिवस हाती लागतात.

आता गरजा मांडा. घरखर्च महिना ६० हजार, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. आरोग्य आणि मुदत विम्यासाठी ६० हजार. पीएफच्या जागी निवृत्तीची बचत दीड लाख. लॅपटॉप, सॉफ्टवेअर, इंटरनेट, प्रवास आणि सीए यांसाठी १ लाख २० हजार. कर, बुडीत बिले आणि रिकामे महिने यांसाठी राखीव दीड लाख. ही बेरीज बरोबर १२ लाख होते आणि १४० ने भागल्यावर दिवसाचा दर साधारण ८,६०० रुपये येतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ३,२०० आणि ८,६०० यांतील अंतर पाहून ठेवा. ग्राहकाला दिवसाचा दर सांगितलाच पाहिजे असे नाही; कामाची एकूण रक्कम सांगा, पण ती या दराला लागणाऱ्या दिवसांनी गुणून काढलेली असू द्या. दर ऐकून ग्राहकाने घासाघीस केली तर दर न उतरवता कामाची व्याप्ती कमी करा, म्हणजे पाच प्रकरणांऐवजी तीन, किंवा दोन दुरुस्त्यांऐवजी एक.

पाचवी पायरी : राजीनाम्यापूर्वीची आर्थिक तटबंदी

घरखर्चाचे किमान नऊ महिने भागतील एवढी रक्कम मुदत ठेवीत किंवा तत्सम सुरक्षित जागी असावी, आणि घराचा हप्ता चालू असेल तर बारा महिन्यांची. पगारदाराला सहज मिळणारे गृहकर्ज स्वतंत्र व्यावसायिकाला देताना बँका साधारणपणे मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. त्यामुळे घोडबंदर रोडला किंवा खारघरला घर घेण्याचा विचार पक्का असेल, तर तो व्यवहार आणि राजीनामा यांचा क्रम विचारपूर्वक ठरवा. अर्थात नवा मोठा हप्ता डोक्यावर घेऊन लगेच नोकरी सोडणे हेही धोक्याचेच आहे, आणि अशा वेळी स्वतंत्र होण्याचा निर्णय दोन वर्षे पुढे ढकलावा असे माझे मत आहे.

आरोग्य विम्याची चूक पैशाने भरून निघत नाही. कंपनीचा समूह विमा नोकरीबरोबर संपतो. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो, म्हणून ती पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या आणि समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे राजीनाम्याच्या बरेच आधी लेखी विचारा. आई-वडील कंपनीच्या विम्यात असतील तर त्यांचाही विचार त्याच वेळी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा हप्त्यांवरील जीएसटी शून्य झाला आहे.

ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरदाराला सामान्यतः पाच वर्षांची सलग सेवा लागते, आणि प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन मिळते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ४० हजार असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे १ लाख १५ हजार होते. चार वर्षे चार महिन्यांवर घाईने राजीनामा देणाऱ्याने हा आकडा एकदा लिहून पाहावा. पीएफच्या पेन्शन योजनेत पात्रतेसाठी दहा वर्षांची सेवा लागते, तीही तपासा. पीएफची रक्कम काढून व्यवसायात घालणे शक्यतो टाळा.

सहावी पायरी : राजीनामा

इथे थोडक्यात सांगते. नोटीस पूर्ण करा, कामाचे हस्तांतर लेखी द्या, आणि रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, फॉर्म १६ आणि अंतिम हिशेब हातात घेतल्याशिवाय विषय संपला असे समजू नका. पीएफच्या खात्यावर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे याची खात्री करा, कारण ती नसली की पुढे प्रत्येक अर्ज अडतो. कितीही राग असला तरी संबंध बिघडवून बाहेर पडू नका. माझे पहिले मोठे काम माझ्या जुन्या वरिष्ठांनीच पाठवले होते.

सातवी पायरी : नोंदणी आणि बँक

एकट्याने सुरुवात करणाऱ्याला कंपनी स्थापन करण्याची गरज नसते. स्वतःच्या पॅनवर एकल मालकी पुरेशी आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावरून ऑनलाइन आणि विनामूल्य होते, त्यामुळे तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून दूर राहा. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला व्यवसाय कराची नावनोंदणी, म्हणजे पीटीईसी, करावी लागते आणि त्याचे वर्षाला २,५०० रुपये होतात. नोकरीत हीच रक्कम पगारातून कापली जात होती. गुमास्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकाने व आस्थापना नोंदणीत २०१७ च्या कायद्यानुसार एकट्याने काम करणाऱ्याला केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि चालू खाते उघडताना बँका अनेकदा तिची पावती मागतात. घरखर्चाचे खाते आणि व्यवसायाचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. भाड्याच्या घरातून काम करत असाल तर नोंदणीत तो पत्ता देण्यापूर्वी घरमालकाचे संमतीपत्र घ्या.

आठवी पायरी : करार, बिल आणि वसुली

माझ्या दुसऱ्या वर्षात एका ग्राहकाने पाच पुस्तिकांचे काम करून घेतले आणि त्यानंतर चार महिने "वरून मंजुरी यायची आहे" एवढेच उत्तर दिले. माझ्याकडे ईमेल होते पण करार नव्हता. उद्यम नोंदणी होती, पण काम पूर्ण झाल्यानंतर केलेली. शेवटी निम्म्याहून थोडी अधिक रक्कम मिळाली आणि उरलेली मी सोडून दिली. त्या चार महिन्यांनी घरातल्या सगळ्यांची झोप उडवली होती, आणि त्यानंतर मी जे नियम पाळते ते इथे देत आहे.

दोन पानांचा असला तरी करार कामाच्या आधी हवा. काय देणार, किती दुरुस्त्या, तारखा, रक्कम, पैसे किती दिवसांत, काम मध्येच थांबले तर काय, आणि मंजुरी कोण देणार त्या व्यक्तीचा हुद्दा, एवढ्या गोष्टी त्यात असाव्यात. सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम स्वीकारले असे समजले जाईल, हे वाक्य मी कधीही वगळत नाही. नव्या ग्राहकाकडून ४० टक्के आगाऊ, ३० टक्के मसुद्यावर आणि ३० टक्के अंतिम फाइल देण्यापूर्वी घेते. आगाऊ रक्कम द्यायला जो कुरकुर करतो, तो शेवटची रक्कमही सहज देत नाही, असे मला सातत्याने आढळले आहे.

स्वामित्वहक्काचे कलम तुमच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत केलेल्या लेखनाचा किंवा सॉफ्टवेअरचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. स्वतंत्रपणे केलेल्या लेखनाचा पहिला मालक मात्र सामान्यतः लेखक असतो आणि तो हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. म्हणून "संपूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील" असे लिहा. छायाचित्रण आणि चित्रपट यांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा त्या क्षेत्रातल्यांनी वकिलांना विचारावे.

वसुलीसाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ वाचण्यासारखा आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते आणि याच कायद्याखालील सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. शिवाय वेळेत न दिलेली अशी रक्कम ग्राहक कंपनीला आपल्या आयकराच्या हिशेबात त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि हा नियम आल्यापासून मार्चमध्ये लेखा विभागाचे फोन आपणहून येऊ लागले आहेत. या संरक्षणावर निर्विवाद हक्क सांगता यावा म्हणून उद्यम नोंदणी पहिल्या कामाच्या आधी करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

नववी पायरी : कर

व्यावसायिक सेवांच्या बिलातून ग्राहक कंपन्या बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापतात. एका ग्राहकाकडून वर्षाला ५० हजारांपर्यंतच्या रकमेवर तो कापला जात नाही. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली का, हे दर तिमाहीला तपासा, कारण वर्ष उलटल्यावर लेखा विभागातला माणूस बदललेला असतो. विशिष्ट व्यवसायांना, ज्यांत अभियांत्रिकी, लेखाकर्म, वास्तुरचना, अंतर्गत सजावट, तांत्रिक सल्ला आणि माहिती तंत्रज्ञान यांचा समावेश आहे, एकूण प्राप्तीच्या ५० टक्के रक्कम नफा मानून कर भरण्याची सोय आहे. प्राप्ती ५० लाखांपर्यंत, आणि रोखीची रक्कम पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत, ही सोय मिळते. जुन्या कायद्यात ती कलम ४४एडीए म्हणून ओळखली जात होती आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे. तुमचे काम या यादीत बसते का, हे स्वतः ठरवू नका, सीएंना विचारा. ही सोय घेणाऱ्यांनी संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार हप्ते असतात. पगारदाराला जुनी आणि नवी कररचना दरवर्षी बदलता येते, व्यावसायिकाला तशी बदलता येत नाही, म्हणून ती निवडही विचार करून करा.

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. नोंदणी झाल्यावर परदेशी ग्राहकांच्या कामासाठी एलयूटी हे हमीपत्र भरले तर कर न लावता बिल करता येते, मात्र ते प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नव्याने भरावे लागते. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवा.

दहावी पायरी : कामाची जागा आणि पहिले अठरा महिने

दोन खोल्यांच्या घरात काम करताना खरी अडचण जागेपेक्षा सतत येणाऱ्या व्यत्ययाची असते. "घरीच आहेस तर जरा गॅसवाल्याला बघ" हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकले की दुपार हातातून जाते. कामाचे तास घरातल्यांना सांगा आणि ते स्वतःही पाळा. को-वर्किंगचे पूर्ण महिन्याचे भाडे सुरुवातीला भरू नका. ग्राहकाची बैठक असेल त्या दिवसापुरती जागा घेणे पुरेसे असते. लिखाणासाठी एकाग्रता हवी असेल तेव्हा मी वाचनालयात जाऊन बसते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, आणि आपल्या शहरात अशी जागा असणे ही मला आजही मोठी सोय वाटते.

पहिले अठरा महिने दर महिन्याच्या पाच तारखेला चार आकडे एका वहीत लिहा: बिल केलेली रक्कम, जमा झालेली रक्कम, पैसे मिळणारे दिवस आणि सगळ्यांत मोठ्या ग्राहकाचा एकूण उत्पन्नातील हिस्सा. हा शेवटचा आकडा ५० टक्क्यांच्या पुढे राहिला तर नव्या ग्राहकाच्या शोधासाठी पुढच्या महिन्याचे चार दिवस आधीच राखून ठेवा. जमा रक्कम सलग सहा महिने घरखर्चापेक्षा कमी राहिली आणि ठेवीत चार महिन्यांचा खर्च उरला, तर नोकरीसाठी अर्ज करायला त्याच आठवड्यात सुरुवात करा, कारण ठेव संपल्यावर स्वीकारलेल्या नोकरीत पगाराबद्दल बोलण्याची ताकद उरत नाही. या चार महिन्यांच्या रेषेबद्दल घरातल्या माणसांशी राजीनाम्यापूर्वीच बोलून ठेवा आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा.